एअर रायफलचा दस्ता हातातून सटकतो म्हणून...

मा. संपादक, नमस्कार.

आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधून रायफल नेमबाजीत ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) ब्राँझ आणलं, त्यानंतर आमच्या मुलीनं पण रायफल शिकायचा हट्ट धरला. भारीतली कुठं परवडतीय, म्हणून ४.५ मिमी छर्ऱ्याची, नळी मोडून लोड करायची साधी एअर रायफल घेतली. तिचा दस्ता प्लास्टिकचा, गुळगुळीत. जूनमध्ये दमट हवेत हाताला घाम, आणि एकदा नळी खाली ओढताना दस्त्यावरचा हात सटकला, नळी फाटकन परत वर आली, बोटं थोडक्यात वाचली. तेव्हापासून मी दस्त्याला घट्ट पकड यावी म्हणून ग्रिपच्या मागं लागलो, आणि बाकीच्या पालकांना कळावं म्हणून हे पत्र.

पहिलं म्हणजे रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा, मगच हात लावा. नंतर दस्ता भांडी घासायच्या लिक्विडनं ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करा. निम्मा गुळगुळीतपणा तेलाचाच असतो, कारण नळीला तेल लावतो ते हातानं सगळीकडं पसरतं. थिनर अजिबात नको, प्लास्टिक चिकट होतं. मग बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप घ्या, मुठीला खालून वर, अर्धा पदर चढवत ताणून गुंडाळा, शेवटी टेप. ट्रिगरजवळ आणि सेफ्टीच्या खटक्यावर पट्टी येता कामा नये. पुढं डावा हात असतो तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवला, तो तर सगळ्यात भारी बसला. दोन्ही गोष्टी हव्या तेव्हा निघतात.

काही जण सोल्डरिंगच्या गरम टोकानं दस्त्यावर ठिपके पाडतात, कोणी पॉलिश पेपर घासतात. कृपा करून पोरांच्या रायफलवर हे करू नका, प्लास्टिक जळालं की धूर छातीत जातो आणि एकदा पडलेला खड्डा परत भरत नाही.

आता खरी तक्रार. मुलगी पहिल्या स्पर्धेला गेली तर तपासणीच्या टेबलावरच पट्टी काढायला लावली, कारण १० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमात मुठीला, पुढच्या भागाला किंवा दस्त्याच्या खालच्या भागाला पकड वाढवणारं काही लावायला परवानगीच नाही. नियम बरोबर आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण वर्षभर फी भरली तिथं एका शब्दानं कोणी सांगितलं नव्हतं, आणि पोरगी नंबर यायच्या दहा मिनिटं आधी चिकट गोंद नखानं खरवडत बसली होती, डोळ्यात पाणी. नेम कसा लागणार मग?

शिकवणाऱ्या सगळ्यांना विनंती, पहिल्याच दिवशी पालकांना हा नियम मराठीत छापून द्या. आम्ही आता घरी सरावाला ग्रिप ठेवतो, स्पर्धेच्या आठ दिवस आधी काढतो आणि ती तशीच उघड्या दस्त्यावर सराव करते, खिशात छोटा नॅपकिन घेऊन.

आपला,
एक पालक, कोल्हापूर