कंडोम कसा वापरायचा तेही छापा

मा. संपादक, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कुटुंबनियोजनावरचा लेख वाचला, चांगला होता, पण गोळ्या, कॉपर-टी आणि ऑपरेशन यातच अख्खं पान संपलं आणि कंडोमच्या वाट्याला एक ओळ. म्हणजे जे काय करायचं ते बायकांनीच. सरकारच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पण तेच, बायकांची नसबंदी जवळपास 38 टक्के, पुरुषांची 0.3 आणि कंडोम साडेनऊ. बरं गोळ्या, कॉपर-टीने दिवस राहत नाहीत हे खरं, पण गनोरियासारखे गुप्तरोग, एचआयव्ही त्याने अडत नाहीत, तिथं कंडोमच लागतो.

माझं मेडिकल आहे. काउंटरवर चार माणसं असली की गिऱ्हाईक उगाच क्रोसिन घेतं, गर्दी पांगेपर्यंत रेंगाळतं, मग हळूच "ते द्या". पेपरात गुंडाळून देतो (कधीकधी तुमच्याच). दोन गोष्टी सांगायला जावं तर सुट्टे पैसे न घेताच पळतो, आणि सोमवारी तोच ७२ तासवाली (दिवस राहू नयेत म्हणून नंतर घ्यायची) गोळी मागायला हजर, "फाटला हो". फाटणारच ना, महिनोन् महिने मागच्या खिशात पाकिटात दबलेला, उघडताना दातानं ओढलेला, वर खोबरेल तेल! तेल, व्हॅसलीन लागलं की लॅटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, कमजोर होतं, लागलंच तर वॉटर बेस जेल घ्या. कुणी डबल सेफ म्हणून दोन एकावर एक घालतं, ते घासून उलट लवकर फाटतात. एक्स्पायरी बघा, टोकातली हवा दाबून काढा, नंतर कडा धरूनच बाहेर. नीट वापरला तर वर्षात शंभरातल्या दोघींना दिवस जातात, लोक वापरतात तसा वापरला तर तेरा जणींना. हर्पीस, एचपीव्ही ही इन्फेक्शन्स कातडीला कातडी लागूनही होतात, तिथं पूर्ण भरवसा नाही, तरी धोका कमी होतोच. आणि ती ७२ तासवाली गोळी घेतली की मिटलं असं समजू नका, ती इन्फेक्शनवर नाही, एचआयव्हीची टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते, जाऊन करून घ्या.

र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, गुप्तरोगांवरही उघड लिहिलं, आणि आम्ही अजून "ते द्या"!

पुढच्या पुरवणीत हे चित्रांसकट छापा, अर्धं पान पुरे, कापून काउंटरच्या काचेवर चिकटवतो. विचारायला लाजणाऱ्यांसाठी 1097 हा एड्स हेल्पलाइनचा नंबरही टाका, मोठ्या अक्षरात.

– एक मेडिकलवाला, सातारा