इजिप्त टूरमध्ये पत्रकात छापलेलं इजिप्शियन जेवण दिलं नाही, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी आणि माझी आई (वय ६८) नोव्हेंबरमध्ये तुमच्या आठ दिवसांच्या इजिप्त टूरला होतो. पिरॅमिड, लक्सर, अबू सिंबल, क्रूझ सगळं छान झालं, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. तक्रार जेवणाची आहे.

तुमच्या पत्रकात सातव्या दिवसासमोर छापलंय, ‘कैरोतल्या छोट्या लोकल रेस्टॉरंटमध्ये इजिप्शियन जेवण, कोशरी’. आई पक्की शाकाहारी, अंडंही खात नाही, म्हणून मी बुकिंगच्या वेळी दोनदा विचारलं होतं आणि तुमच्या ऑफिसातल्या मॅडमनी सांगितलं की कोशरी व्हेजच असते. आई तेव्हापासून त्या जेवणाची वाट बघत होती.

सातव्या दिवशी दुपारी बस थांबली ती परत एका इंडियन रेस्टॉरंटसमोर. दाल फ्राय, पनीर, जीरा राइस, गुलाबजाम, जे आम्ही आठवडाभर खातच होतो. टूर मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, "काकू, आपल्या लोकांना तिकडचं चालत नाही, मागच्या ग्रुपने ताटं तशीच ठेवली." मागच्या ग्रुपने ठेवली असतील, पण आम्हाला कुणी विचारलं? आणि चालत नाही हे आधीच माहीत होतं तर पत्रकात छापता कशाला?

संध्याकाळी एअरपोर्टला निघायच्या आधी थोडा वेळ मोकळा होता. हॉटेल दोक्की भागात होतं, रिसेप्शनवरच्या मुलाला कोशरी कुठे मिळेल ते विचारलं आणि त्याने सांगितलेल्या मागच्या गल्लीतल्या दुकानात मी आईला घेऊन गेले. पाच-सहा टेबलं, सगळी आसपासची माणसं, शाळेची दप्तरं घेतलेली मुलं. काउंटरवरचा माणूस पळीने स्टीलच्या वाडग्यावर टण टण वाजवत भराभर वाढत होता, भात, अख्खा मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा आंबटसर सॉस, छोले आणि कुरकुरीत तळलेला कांदा. टेबलावर दोन बाटल्या, एकीत लसूण घातलेलं व्हिनेगरचं पाणी (त्याला दक्का म्हणतात) आणि दुसरीत शत्ता, म्हणजे तिखट. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर मसुराची खिचडी." कोशरी हे नाव आपल्या खिचडीवरूनच आलं असं बरेच जण मानतात, तिला ते माहीत नव्हतं, चवीवरूनच बोलली ती. तिने खुणेने थोडा कांदा मागितला तर त्या माणसाने पळीभर आणून घातला, पैसे घेतले नाहीत. आठ दिवसांत आई पहिल्यांदा पोटभर जेवली, हे मी मनापासून लिहितेय.

शेजारच्या दुकानात ताअमेया तळत होते, फावा बीन्सचे फलाफल, आतून कोथिंबिरीने हिरवेगार. तेही पूर्ण शाकाहारी. पण मॅनेजरचे तीन फोन आले, लगेच या म्हणून, आणि ते राहून गेलं. बसमध्ये चढल्यावर ते सगळ्यांसमोर आईला म्हणाले, "बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर कंपनी जबाबदार नाही." सांगून ठेवलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आम्ही परत आलो होतो. आई त्यानंतर मुंबईपर्यंत फारशी बोललीच नाही, याचा मला जास्त राग आहे. तिचं पोट बिघडलं नाही, तेही लिहून ठेवा.

आता माझं म्हणणं. त्या जेवणाचे आम्हा दोघींचे पैसे परत द्या. टूर मॅनेजरनी आईला फोन करून माफी मागावी, मला नाही, तिला. आणि पुढच्या ग्रुपला खरंच अशा एखाद्या दुकानात न्या, ज्यांना नको असेल त्यांना दाल फ्राय द्या, पण निदान विचारा तरी. न्यायचं नसेल तर ती ओळ पत्रकातून काढा. पत्रकाचा आणि बुकिंग पावतीचा फोटो सोबत जोडलाय. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवणार आहे.

आपली,
एक प्रवासी, ठाणे