बंड्यास, ब्राऊन सरांच्या वर्गाबद्दल

इंदूर

अरे बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना की 'माइंड युवर लँग्वेज', ती परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या क्लासवरची जुनी ब्रिटिश मालिका, आता बघवत नाही, नुसती त्यांची टिंगल आहे, तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, आणि फोनवर तुझ्यापुढे मला बोलायला चान्स मिळत नाही म्हणून लिहितोय.

अर्धं पटलं. तो जपानी तारो प्रत्येक शब्दाला 'ओ' लावतो, चिनी बाई माओचं लाल पुस्तक खाली ठेवत नाही, फ्रेंच पोरगी म्हणजे नुसते नखरे. १९७७ ला सुरू झालं आणि २९ एपिसोडनंतर १९७९ ला चॅनलच्या मायकेल ग्रेडने ह्याच साचेबंद टिंगलीसाठी बंद केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. तिसऱ्या सीझनपर्यंत तसाही दम संपलेला, कुणी काही शिकतच नाही ना!

पण क्लास घेणाऱ्या ब्राऊन सरांकडे बघ. ते काम करणाऱ्या बॅरी इव्हान्सचा चेहरा आठव, पाकिस्तानी अली 'एक्सक्यूज मी'च्या जागी 'स्क्वीझ मी प्लीज' म्हणत आत येतो आणि हा माणूस हसत नाही, परत एकदा नीट म्हणून दाखवतो. शीख रणजीत सिंग आणि अली एकमेकांच्या अंगावर धावले की मधे पडतो. (गंमत म्हणजे अली झालेला डिनो शफीक ढाक्याचा आणि आपला सरदार अल्बर्ट मोझेस सिलोनचा!) पोरांना तुच्छ लेखते ती प्रिन्सिपल मिस कोर्टनी, आणि मालिका हसते तिला. हे तू बघितलंच नाहीस भिया.

आणि त्याच मालिकेवरून केलेलं हिंदी 'जबान संभालके' विसरलास? १९९३ चं. पंकज कपूर शिकलेला इंजिनिअर, नशिबी हिंदीचा क्लास. शुभा खोटे मॅडम, बाकावर त्यांचे सख्खे भाऊ विजू खोटे, वर मुलगी भावना बलसावर पण त्यातच, म्हणजे घरचंच कार्य की! विजू खोट्यांचं मराठी वळणाचं हिंदी ऐकून आमच्याकडे आजी सोडून सगळे हसायचे, कारण रामबागेतून राजवाड्यावर भाजी आणायला जाताना ती डिट्टो तसंच बोलायची आणि भाजीवाला तिला तसंच उत्तर द्यायचा. इथे कोण कुणाला हसणार, सगळेच अर्धे इकडचे अर्धे तिकडचे.

तुझं खरं दुखणं मला माहीत आहे रे. पुण्याच्या ऑफिसात तू 'करून राहिलो' म्हणालास की ते लोक माना वळवून बघतात, तुला पंधरा माणसांत एक कोर्टनी नाही, चौदा भेटल्यात. म्हणून तुला ती मालिका टोचते. तर त्यांना खुशाल टोमणे मारू दे, तू बदलून बोलायला लागलास तर मी फोन उचलणार नाही.

रंगपंचमीच्या गेरला, आपल्या रंगाच्या मिरवणुकीला, येतोयस का ते कळव, वरच्या खोलीत गादी टाकून ठेवतो. आई विचारतेय लौंगवाली शेव पाठवू की येऊन नेशील.

तुझाच,
पिंट्या