बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकारी केनेथ स्ट्राँग यांच्याविषयी वाचत असल्याचे मी कळवले, त्यावर ज्याच्या नावावर एकही गाजलेली लढाई नाही तो मेजर जनरल कसा झाला, असे बाबांनी विचारले आहे. मराठा पलटणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

स्ट्राँग १९०० साली स्कॉटलंडमधील माँट्रोझ येथे जन्मले आणि १९२० मध्ये पायदळात अधिकारी झाले. पुढे बर्लिनच्या ब्रिटिश वकिलातीत काम करताना जर्मन सैन्याधिकारी कसा विचार करतात हे त्यांनी जवळून पाहिले, आणि माझ्या मते त्यांची खरी कमाई तीच. फेब्रुवारी १९४३ मध्ये ट्युनिशियातील कासेरिन खिंडीत अमेरिकन फौजेने मार खाल्ला. पकडलेल्या बिनतारी संदेशांवर फाजील विसंबल्याचा ठपका ठेवून दोस्त फौजांचे सेनापती आयझेनहॉवर यांनी आपला गुप्तवार्ताप्रमुख बदलला आणि त्या जागी स्ट्राँग आले.

त्याच ऑगस्टमध्ये ते साध्या कपड्यांत लिस्बनला गेले आणि इटलीच्या शरणागतीच्या गुप्त वाटाघाटींत बसले. ३ सप्टेंबरला सिसिलीत करारावर सह्या झाल्या, तरी जर्मनांनी इटली सोडली नाही. म्हणूनच, आई, आपल्या माणगावात ज्यांचे स्मारक आहे ते पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

डिसेंबर १९४४ मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जर्मनांचे राखीव रणगाडा-दल कोठे वापरले जाईल, याच्या ज्या शक्यता स्ट्राँग यांनी मांडल्या होत्या, त्यांत बेल्जियमकडील आर्देन्सचे जंगलही होते. त्यांना मुद्दाम तेथील अमेरिकन फौजांचे सेनापती जनरल ब्रॅडली यांच्याकडे धाडण्यात आले. ब्रॅडलींनी ऐकून घेतले, पण मोठे फेरबदल केले नाहीत. शत्रूने बिनतारी यंत्रे गप्प ठेवून निरोप तारांवरून पाठवले होते, त्यामुळे एरवी पुरावा देणारी वाटच बंद होती. १६ तारखेला आर्देन्समध्येच हल्ला झाला. काही जण स्ट्राँगना निर्दोष ठरवतात, परंतु अनेक शक्यतांच्या यादीत एक धोका नोंदवून ठेवणे म्हणजे इशारा देणे नव्हे, असे मला वाटते. तरीही आयझेनहॉवर यांनी त्यांना दूर केले नाही, आणि ७ मे १९४५ च्या पहाटे फ्रान्समधील रांस येथे जर्मन शरणागतीच्या वेळी दुभाषाचे काम त्यांनीच केले. निवृत्तीनंतरही ब्रिटिश सरकारने १९४८ पासून १९६६ पर्यंत गुप्तवार्ता विभागातील वरिष्ठ पदे त्यांच्याकडेच ठेवली.

बाबा, गस्तीवरून परतल्यावर तुम्ही दिलेली खबर साहेबांना पटली नाही, तर तुम्ही ती पुन्हा कशी सांगत असा, हे सवडीने लिहून कळवावे. आईने गुडघ्याचे औषध टाळू नये.

आपली,
धाकटी