मार्कोनीसाहेबांस पत्र

गुहागर,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र फेब्रुवारीत आले आणि उत्तर लिहायला ऑगस्ट उजाडला, याबद्दल तू मला जे काही म्हणशील ते मी आधीच मान्य करून टाकतो. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा जिन्यापुरता कुरकुरतो, मंदा ठीक आहे. हे सारे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय फोनवर बोलताना मंदा शेजारच्याच खोलीत असते आणि पुढचा मजकूर तिने ऐकू नये, अशी माझी इच्छा आहे.

निखिल एप्रिलमध्ये थर्ड इंजिनिअर म्हणून एका बल्क कॅरियरवर, म्हणजे सुट्या मालाच्या जहाजावर, चढला, हे तुला ठाऊक आहे. चीनमधून पोलादाची गुंडाळी भरून तुर्कस्तानात इस्केंदेरूनला उतरवायची, असा त्यांचा प्रवास होता. ६ मे रोजी ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि येमेनचे हुती बंडखोर यांच्यात समझोता झाला, वर्ष सुरू झाल्यापासून एकाही व्यापारी जहाजावर हल्ला झाला नव्हता, त्यामुळे मालकाने केप ऑफ गुड होपचा वळसा टाळून तांबड्या समुद्रातून जायचे ठरवले. आफ्रिकेला वळसा घालायचा म्हणजे दहा ते चौदा दिवस वाढतात, तेवढे इंधन जळते, तेवढे दिवस जहाजाचे भाडे चालू राहते. उलट बाजूला युद्धजोखमीचा विमा असतो, जो जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत एका खेपेपुरता भरायचा असतो. या दोन आकड्यांतला जो लहान, त्या बाजूने जहाज वळते. त्या गणितात थर्ड इंजिनिअरचा रकाना नसतो, हे तुला मी सांगायला नको.

निघण्यापूर्वी कॅप्टनने संमतीचे कागद फिरवले. आंतरराष्ट्रीय करारानुसार तो टापू युद्धसदृश क्षेत्र ठरलेला आहे. तेथे जाणाऱ्यास त्या दिवसांचा मूळ पगाराइतका बोनस मिळतो, मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास भरपाई दुप्पट होते, आणि ज्याला जायचे नसेल त्याला कंपनीच्या खर्चाने घरी पाठवून वर दोन महिन्यांचा मूळ पगार द्यावा लागतो. आपल्या वेळी यातले काय कागदावर होते आणि काय केवळ बड्या साबच्या शब्दावर चालले होते, ते आठव. निखिलने मला फोन केला आणि विचारले, "बाबा, सही करू का?" त्याला दोनपैकी एकच शब्द हवा होता. मी काय बोललो असेन? मी विचारले, "बाकीचे काय करताहेत?" बाकीच्यांनी सही केली होती, म्हणून त्यानेही केली.

५ जुलैच्या रात्री त्यांचे जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-एल-मांदेबच्या सामुद्रधुनीतून वर गेले. एडनच्या आखातात शिरताना त्यांनी ए.आय.एस., म्हणजे जहाजाचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र, बंद केले, त्यामुळे माझ्या मोबाइलवरचा ठिपका तीन दिवस एकाच जागी थिजून राहिला. दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, होदेइदाच्या नैर्ऋत्येस 'मॅजिक सीज'वर छोट्या बोटींनी गोळीबार केला आणि मग पाण्यावरून धावणारे ड्रोन तिच्यावर धाडले. तीही बल्क कॅरियर होती, तिच्यातही पोलाद होते आणि तीही तुर्कस्तानलाच निघाली होती. तिचे बावीसच्या बावीस लोक वाचले. ७ तारखेला 'इटर्निटी सी'वर हल्ला झाला आणि ९ तारखेला ती बुडाली. तिच्यावरचे काही जण चोवीस तासांहून अधिक काळ पाण्यात तरंगत होते, त्यात एक भारतीय रक्षकही होता, तो वाचला. चार जण गेले असे मानतात आणि काहींना हुतींनी धरून नेले. दोन्ही जहाजांना युद्धनौकेची सोबत नव्हती. यातल्या पहिल्या बातम्या मी रात्री दोन वाजता माजघरात बसून वाचत होतो आणि ठिपका हलत नव्हता. अखेर जेद्दाच्या बाजूला तो उमटला तेव्हा मंदाने विचारले, "एवढे काय पाहता?" मी सांगितले, "क्रिकेट."

सुभाष, त्या तीन दिवसांत मला तुझी रेडिओरूम आठवली, तू आमचा मार्कोनी, म्हणजे रेडिओ ऑफिसर, होतास तेव्हाची. घड्याळाच्या तबकडीवरच्या त्या तांबड्या पट्ट्या आठवतात का? तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटे, सगळ्या जहाजांनी ५०० किलोहर्ट्झवर गप्प बसायचे आणि कुणी संकटात आहे का ते ऐकायचे. १९८७ च्या उन्हाळ्यात, इराण-इराक युद्ध चालू असताना, इराणच्या खार्ग बेटापासून लारक बेटापर्यंत अशा फेऱ्या आपण मारत होतो, रात्री दिवे मालवून, आणि त्या तीन-तीन मिनिटांत तू काय काय ऐकत होतास, ते मला तेव्हा कधी कळलेच नाही. मी खाली होतो. त्या जुन्या इंजिनाच्या धडधडीत चौथ्या साबला, म्हणजे फोर्थ इंजिनिअरला, फक्त ल्युब ऑइलचे प्रेशर ऐकू येत असे. मी निर्धास्त होतो याचे कारण मी शूर होतो हे नव्हते. मला काही ऐकू येत नव्हते, एवढेच.

आणि तू साइन ऑफ घेऊन जहाज सोडलेस तेव्हा मेसमध्ये सगळ्यांसमोर "मार्कोनी पळाला" असे म्हणणारा मीच होतो. तुला ते परेराने सांगितले असणार, कारण त्यानंतर दोन वर्षे तू मला दिवाळीचे कार्डसुद्धा पाठवले नाहीस. (परेराच्या पोटात काहीही राहत नसे, भंडाऱ्याची बिर्याणी सोडून.) तू दुबईहून विमानाने घरी गेलास आणि मी आणखी चार फेऱ्या मारल्या. ज्या घरात बसून हे पत्र लिहितो आहे, त्याचा चौथरा त्या चार फेऱ्यांच्या बोनसमधून उभा राहिला. तुला मात्र खलाशी भरती करणाऱ्या मॅनिंग एजंटने पुढे दोन वर्षे बोलावले नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मी तेव्हाही जाणून होतो.

ब्रिजटनचा किस्सा मी निखिलला लहानपणी विनोद म्हणून सांगत असे. जुलै १९८७ मध्ये अमेरिकेने संरक्षण दिलेला पहिलाच ताफा निघाला, त्यातला 'ब्रिजटन' हा टँकर सुरुंगावर आदळला आणि मग टँकरच्या रक्षणासाठी आलेल्या युद्धनौका त्या टँकरच्याच मागे एका रांगेत चालू लागल्या, कारण त्यांच्या पातळ पत्र्याला सुरुंग सोसला नसता. जहाजांच्या रेडिओच्या चॅनल सोळावर रात्रभर माकडाचे आवाज काढणाऱ्या त्या वेड्याची नक्कलही मी करून दाखवत असे. मुलगा पोट धरून हसायचा. त्या युद्धात चारशेहून अधिक खलाशी मेले, हे मी त्याला सांगितले नाही. तोही इंजिनिअर झाला आणि तोही खालीच काम करतो, यात माझ्या त्या किस्स्यांचा हात किती, याचा हिशेब मी अलीकडे करू लागलो आहे.

खाली काम करण्याबद्दल थोडे आणखी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला ते समजणार नाही. चाच्यांची भीती असेल तर सगळ्यांनी सिटाडेलमध्ये, म्हणजे स्टिअरिंग गिअरच्या किंवा इंजिनरूमच्या बाजूला, खाली जाऊन दार लावायचे, अशी आजवरची शिकवण होती. पाण्यावरून येणारे ड्रोन नेमके जलरेषेवर आणि बरेचदा मागच्या बाजूला आदळतात, म्हणून आता सांगतात की वर या. परंतु इंजिन चालू ठेवायला कुणीतरी खाली राहतोच. जून २०२४ मध्ये 'ट्यूटर'वर असा ड्रोन मागून आदळला, तेव्हा इंजिनरूममधला एक फिलिपिनो खलाशी वर आलाच नाही. निखिलने मला अभिमानाने सांगितले की बाब-एल-मांदेब ओलांडताना वॉच त्याची होती.

आता मूळ काळजी. पोलाद उतरले, जहाज रुमानियात कोन्स्तांत्साला गव्हासाठी लागले आहे आणि तेथून मोंबासाला जायचे आहे, म्हणजे पुन्हा त्याच दारातून. दरम्यान २७ जुलैला हुतींनी जाहीर केले, की इस्रायलच्या बंदरांशी व्यवहार करणाऱ्या कोणत्याही कंपनीचे जहाज, ते कुठल्याही देशाचे असो आणि कुठेही जात असो, त्यांच्या हातच्या टापूत आले तर ते लक्ष्य ठरेल. तुझे जहाज कुठे चालले आहे याला आता अर्थ उरला नाही. तुझ्या मालकाचे दुसरे एखादे जहाज मार्चमध्ये कुठे गेले होते, हे पाहिले जाते. मी बसून निखिलच्या मालकाची बाकीची जहाजे शोधली. त्यातले एक वसंतात इस्रायलच्या अश्दोद बंदराला जाऊन आले आहे. कितीतरी जहाजे ए.आय.एस.वर गंतव्याच्या जागी "इस्रायलशी संबंध नाही" किंवा "सर्व खलाशी चिनी" असे लिहून तो टापू ओलांडतात. नावेच्या नाळेवर लिंबू-मिरची बांधावी, तसा तो प्रकार वाटतो. नारळी पौर्णिमेला मंदाने जेटीवर जाऊन नारळ सोडला. त्याच्याइतकाच त्या अक्षरांचा उपयोग, फार तर थोडा कमी.

गेल्या वर्षी तुझ्या द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला पंधरा दिवस उशिरा पोहोचला, तेव्हा तू मला रात्री अकराला फोन करून सगळ्या जहाजवाल्यांचा उद्धार केला होतास आणि मी तुला "शेतकऱ्याने रडायचेच असते" असे म्हटले होते. ते शब्द मागे घेतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. मोठ्या कंटेनर कंपन्या अजूनही बहुतेक केपवरूनच जातात, सुवेझ कालव्याचे २०२३ मधले सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न २०२४ मध्ये ४ अब्जांच्या आसपास आले ते त्यामुळेच. आणि गव्हाची, खताची, पोलादाची जुनी जहाजे मात्र अजून आतून जातात, कारण त्यांच्या मालाला वळशाचे भाडे परवडत नाही. म्हणजे तुझ्या द्राक्षांना केप मिळाले आणि माझ्या मुलाला मिळाले नाही.

तो नाही म्हणू शकतो. हक्क कागदावर आहे, दोन महिन्यांचा पगारही आहे. पण सेकंड इंजिनिअरची परीक्षा तोंडावर आहे, त्यासाठी समुद्रावरचे दिवस भरायचे आहेत आणि नकार देणाऱ्याला एजंट पुढच्या वेळी "सध्या जागा नाही" असे गोड आवाजात सांगतो, हे त्याला ठाऊक आहे. मी त्याला "उतर" म्हणालो, तर त्याने या घराच्या चौथऱ्याकडे बोट दाखवावे. तो दाखवणार नाही, त्याला माहीतच नाही. पण मला माहीत आहे.

म्हणून तू त्याच्याशी बोल. त्याला उपदेश करू नकोस, तुला तो जमतही नाही. रेडिओरूममध्ये तू काय ऐकलेस ते सांग, आणि उतरल्यावर ती दोन वर्षे कशी काढलीस तेही सांग, एजंटच्या कचेरीतल्या बाकड्यासकट. उतरल्याचा तुला पश्चात्ताप झाला का, हे मी अडतीस वर्षांत विचारले नाही. झाला असेल, तर तेही त्याला सांग. मग तो ठरवील.

वहिनींच्या मोतीबिंदूचे ऐकले, दुसरा डोळाही लगेच करून घ्या. मेमधल्या पावसाने काडी नीट तयार झाली नाही, असे तू म्हणाला होतास; छाटणीच्या वेळी घड किती दिसतात ते कळव. अमृताला आशीर्वाद.

जहाज महिनाअखेरीस सुटेल, म्हणजे ऐन गणपतीत ते खाली उतरू लागेल. निखिल आपल्याकडच्या रात्री साडेआठनंतर मोकळा असतो, नंबर तुझ्याकडे आहेच. तुम्ही दोघे गणपतीला येणार, हे मी धरूनच चाललो आहे. फक्त एक कर: मंदाला मी त्या चार फेऱ्यांचे कधीच सांगितलेले नाही, ती समजते की तेव्हा मी जपानच्या मार्गावर होतो. वहिनींना तू सांगितले असशील, तर त्यांना तेवढी कल्पना देऊन ठेव.

तुझा,
विजय