कीटक बहिरे नसतात

रविवारच्या पुरवणीतील कीटकांवरचा लेख आवडला. मात्र ‘कीटकांना कान नसल्याने ते बहिरे असतात’ हे त्यातील विधान खटकले. कान डोक्याच्या दोन बाजूंनाच असायला हवेत, हा हट्ट आपला. रातकिड्याचा पुढचा पाय भिंगाखाली धरावा. गुडघ्याच्या किंचित खाली फिकट, लंबगोल पडदा दिसतो. तोच त्याचा कान. नाकतोड्याचे कान पोटाच्या पहिल्या खंडावर, पंखांखाली झाकलेले असतात. खंडोबाच्या किड्याला तर छातीच्या मधोमध एकच कान असतो. तसे पाहिले तर रातकिडा बहिरा असता, तर नराने रात्रभर किरकिरायचे कोणासाठी?

पडदा नसला तरी अडत नाही. नर डासाच्या केसाळ मिशा मादीच्या पंखांच्या गुणगुणीने थरथरतात आणि मिशीच्या बुडाशी असलेल्या जॉन्स्टन इंद्रियातील सुमारे १५ हजार पेशी ती थरथर टिपतात. याउलट, रात्री उडणाऱ्या अनेक पतंगांच्या प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या चेतापेशी अवघ्या दोन! तेवढ्यावर ते वटवाघळाची चाहूल ओळखून हवेत कोलांटी मारतात. माणसाचे ऐकणे २० किलोहर्ट्झला थांबते; मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणारा मेणपतंग मात्र ३०० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. अशा जीवांना बहिरे ठरवणारे ते वाक्य पुढील अंकात दुरुस्त करावे, ही विनंती.

– एक वाचक