पोट भरतं का रे तुझं?

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आईनं विचारलं, "पोट भरतं का रे तुझं?" मी "हो गं" म्हणालो आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र चुटपुट लागली. वजन उतरवण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपास ऑपरेशनला नऊ महिने झाले. या नऊ महिन्यांत मी तुम्हाला फक्त वजनाचा आकडा सांगत आलो. १३८ किलोचे ९७ झाले, हे तुम्हाला माहीत आहे. पण मी काय खातो, कसं खातो, का चालतो, यातलं काहीच मी कधी धड सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस राहायला येतोय, त्याआधी हे सगळं लिहून टाकतो. समोर बसून बोलायला गेलो की आईचे डोळे भरून येतात आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं.

आधी सातव्या आठवड्यातलं सांगतो, कारण ते माझ्या मनात सलतंय. तेव्हा मी तुमच्याकडे आलो होतो. आई, तू म्हणालीस, "अजून एकच घास, माझ्यासाठी." मी तो खाल्ला. दोन मिनिटांत छातीत काहीतरी अडकल्यासारखं दुखायला लागलं, तोंडाला पाणी सुटलं आणि मी न्हाणीघराकडे पळालो. तू दाराबाहेर उभी होतीस. नंतर बाबांना तू म्हणालीस, "माझ्या हातचं त्याला बाधलं." ते मी ऐकलं होतं. आई, तुझ्या हातचं काही बाधलं नव्हतं. आत जागाच उरली नव्हती, आणि हे मला ठाऊक असूनही मी नाही म्हणालो नाही. चूक झाली ती माझी.

बायपास म्हटल्यावर तुम्ही दोघं आधी हृदयाचंच समजून घाबरला होतात, म्हणून आत नेमकं काय केलंय ते एकदा नीट सांगतो. जठराच्या अगदी वरच्या टोकाची एक छोटी पिशवी वेगळी केली आहे. सुरुवातीला तिच्यात साधारण ३० मिलिलिटर मावतं, म्हणजे मोठे दोन चमचे. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून ही पिशवी थेट त्याच्या पुढच्या भागाला जोडली आहे. बाकीचं जठर आत जागच्या जागी आहे. त्याचा रस खाली आतड्यात येऊन अन्नाला मिळतो, पण अन्न त्याच्यात जात नाही. म्हणून पहिले दोन आठवडे मी फक्त पातळ पदार्थांवर होतो, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दोनेक महिन्यांनी तुमच्यासारखं नेहमीचं अन्न. आता ती पिशवी थोडी सैलावली आहे. एका वेळेला लहान वाटीभर खातो. यापुढे यात फार मोठा फरक पडणार नाही, पडूही नये.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे, आई, की पोट भरतं. मी भूक मारून बसत नाही. अन्न आता आतड्यात लवकर पोचतं आणि तिथून मेंदूला 'पुरे' असा निरोप देणारी संप्रेरकं आधीपेक्षा जास्त सुटतात. आयुष्यात पहिल्यांदा मला 'पुरे' ऐकू येतंय. आधी मी ताटावरून उठायचो ते ताट संपलं म्हणून. पोट भरल्याचं मला कळायचंच नाही. दहा-बारा घासांनंतर हात आपोआप थांबणं म्हणजे काय, हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मनाची भूक मात्र ऑपरेशननं जात नाही. तिचं मला कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दमून घरी आलो, ऑफिसात कुणाशी वाजलं, की हात डब्याकडे जातो. अशा वेळी कुरकुरीत, तोंडात विरघळणारं काहीही खाल्लं तर ते पिशवीत थांबतच नाही, भराभर पुढे सरकतं. त्यामुळे दिवसभर थोडं थोडं चरत राहिलं तर एवढ्याशा पिशवीतूनही वजन परत चढतं. म्हणून माझ्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि मधल्या वेळेत मी फक्त पाणी पितो. तू मधूनच "हे चाखून बघ" म्हणून चमचा पुढे करतेस ना, तेवढं या वेळी करू नकोस. त्या चमच्याला नाही म्हणणं मला पूर्ण जेवणाला नाही म्हणण्यापेक्षा कठीण जातं.

ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा राहिली तर धान्याचं काही, हा माझा क्रम आहे. दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, पेलाभर दुधात त्याच्या आसपास. एवढ्याशा जागेत हा हिशेब जमवायचा तर पहिला घास वाया घालवून चालत नाही. डाळी, कडधान्यं, अंडी, दही, मासे, यातलं जे असेल ते मी आधी खातो. घास सुपारीएवढा आणि अगदी लगदा होईपर्यंत चावलेला. यात अर्धा तास जातो. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतरही अर्धा तास नाही, नाहीतर पाण्याबरोबर अन्न खाली वाहून जातं आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. पण दिवसभरात दीड-दोन लिटर प्यावंच लागतं, तेही घोट घोट. म्हणून बाटली सतत माझ्या हातात दिसेल. ताटाशेजारी भरलेला पेला ठेवायची तुझी सवय मला माहीत आहे. माझ्या ताटाशी तेवढा ठेवू नकोस.

गोडाचं सांगतो. चौथ्या महिन्यात ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. मी केकचा तुकडा खाल्ला, फार मोठा नव्हता. वीस मिनिटांत काळीज धडधडायला लागलं, दरदरून घाम फुटला, पोटात मुरडा आला, आणि मला मीटिंगच्या खोलीत जमिनीवर आडवं व्हावं लागलं. साखर पिशवीतून एकदम आतड्यात उतरली की आतडं आजूबाजूचं पाणी ओढून घेतं, त्यानं हे होतं. याला डम्पिंग म्हणतात. कधी कधी जेवणानंतर एक ते तीन तासांनी उलट रक्तातली साखर उतरते आणि हातपाय थरथरतात. तेव्हा मी गोडाला नाही म्हणालो तर ते कुठलं व्रत नाही आणि तुमच्यावरचा रुसवाही नाही.

बाबा, गोळ्यांचं तुम्ही विचारलं होतंत, "अजून किती दिवस?" आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियम जिथं जास्त शोषलं जातं, तो आतड्याचा सुरुवातीचा भागच अन्नाच्या वाटेतून वगळला आहे. बी १२ शोषलं जायला जठरातून सुटणारे जे घटक लागतात, तेही आता पुरेसे भेटत नाहीत. त्यामुळे कितीही सकस खाल्लं तरी मल्टिव्हिटॅमिन, लोह, बी १२, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व बाहेरून घ्यावंच लागतं. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. पाचव्या महिन्यात कामासाठी फिरतीवर होतो तेव्हा तीन आठवडे मी गोळ्या टाळल्या. बरं वाटत होतं ना, म्हणून. पुढच्या तपासणीत लोह खाली गेलेलं दिसलं आणि डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत, फक्त गप्प झाले. ते मला जास्त लागलं. तेव्हापासून एकही दिवस चुकवलेला नाही. पहिल्या वर्षात तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्त तपासतात, त्यानंतर दरवर्षी.

अजून एक, आणि हे तुम्ही दोघांनी लक्षात ठेवाच. बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्या घरात असतात. माझी पाठ किंवा डोकं दुखलं तर त्यातली मला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो, तो फुटूही शकतो. मला पॅरासिटामॉल चालते. आणि कधी मला उलट्या लागल्या, पाणीसुद्धा ठरेना, किंवा पोटात असह्य दुखायला लागलं, तर घरचे उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. उलट्या काही दिवस चालू राहिल्या तर बी १ जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा घाव थेट मेंदूवर आणि नसांवर बसतो. नंबर मी तुमच्या दोघांच्याही फोनमध्ये टाकून देईन.

केसांचं आईला वाटतं तसं काही नाही. झपाट्यानं वजन उतरलं की तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात, मग परत येतात. माझे यायला लागलेत.

व्यायामाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच नर्सनं मला उठवून चालवलं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पलंगापासून दारापर्यंत आणि परत. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात सात मिनिटं चालायचो आणि भिंतीला टेकून उभा राहायचो. दीड महिना जड काही उचलायला बंदी होती. मग रोज दोन-तीन मिनिटं वाढवत गेलो. आता आठवड्यातले पाच दिवस चाळीस मिनिटं चालतो, आणि तीन दिवस वजनं उचलतो, दोरीचे ताणाचे व्यायाम करतो.

बाबा, तुम्ही विचारलंत, "एवढं उतरलंय, आता डंबेल कशाला?" इतक्या वेगानं वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. स्नायू गेले की अंगातली ताकद जाते आणि स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तीही घटते. मग तेच दहा घास पुढे अंगावर चढायला लागतात. नुसत्या प्रथिनांनी स्नायू राहत नाहीत, त्यांच्याकडून काम करून घ्यावं लागतं. सहाव्या महिन्यात एका सकाळी मी बुटाची नाडी खाली वाकून बांधली. श्वास न रोखता, पाय खुर्चीवर न ठेवता. बांधून झाल्यावर मी तसाच बसून राहिलो होतो बराच वेळ. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आणि बाबा, एक बोलणं राहिलंय आपलं. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "थोडा तोंडावर ताबा ठेवला असतास तर ही वेळ आली नसती." मी काही बोललो नाही, पण ते मी विसरलेलो नाही. वीस वर्षांत मी किती वेळा पंधरा किलो उतरवले आणि वीस चढवले, ते तुम्ही पाहिलंय. वजन उतरायला लागलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. भूक वाढवतं, खर्च आखडतं. मी आळशी नव्हतो, बाबा. मी त्या धडपडीपुढे दरवेळी हरत होतो. ऑपरेशननं मला जिंकून दिलेलं नाही, फक्त लढत बरोबरीची केली आहे. तुम्ही माफी वगैरे मागावी म्हणून हे लिहीत नाहीये. ज्यांनी हे म्हटलं, तेच ऑपरेशन थिएटरबाहेर न खातापिता बसून राहिले होते, हेही आईनं मला सांगितलंय.

यापुढे वजनाचा वेग मंदावणार. चौथ्या महिन्यात तीन आठवडे काटा जागचा हलला नव्हता. वर्ष-दीड वर्षानं तो थांबेल, आणि पुढे थोडं वजन वरही जाईल. बहुतेकांचं जातं. तेव्हा फोनवर आकडा विचारू नका. आज चाललास का, असं विचारा.

बाबा, तिथं आलो की सकाळी साडेसहाला निघू. पहिली वीस मिनिटं तुमच्या चालीनं, तुमचा गुडघा सांभाळून. तुम्ही बाकावर बसलात की मी माझ्या उरलेल्या फेऱ्या मारीन.

आई, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. तुम्ही जे खाल त्यातलंच मी खाईन, फक्त माझं मला वाढून घेऊ दे. आणि ताट बघून "एवढंच?" म्हणू नकोस. मला अर्धा तास लागेल, तेवढा वेळ तुझं ताट घेऊन समोर बस. लहानपणी तू सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवायचीस, तसं या वेळी नको.

तुमचा,
धाकटा